साऱ्या गावाचा एक गॉगल

आमच्या गावात कुणाचे डोळे आले आहेत हे त्याच्या डोळ्यांवरून कळत नाही, त्याच्याशी बोलणाऱ्यावरून कळतं. बोलणारा आभाळाकडे पाहत बोलतो. सोयाबीनचा भाव विचारतो तो कडुनिंबाच्या शेंड्याला, आणि लेकीच्या लग्नाचं आमंत्रण देतो विजेच्या खांबाला. डोळे आलेल्याच्या डोळ्यात पाहिलं की आपलेही येतात, हे इथल्या माणसाला शाळेत जाण्याआधीच पाठ असतं.

मी या गावचा डॉक्टर. गाव बोरी अरबच्या पलीकडे, कापूस-तुरीच्या वावरांमध्ये. इथं दवाखाना टाकला तेव्हा माझ्या डोक्यावर दाट केस होते आणि लोकांना शहाणं करण्याची हौसही तितकीच दाट होती. केस गेले. हौस राहिली. माझ्या बायकोच्या मते उलट झालं असतं तर बरं होतं. त्यात कॉलेजात असताना मी दर गॅदरिंगला नाटकात काम करायचो. तो किडा कुठल्याच औषधानं मेला नाही. साधी सर्दी समजावून सांगतानाही मी खुर्चीवरून उठतो, हातवारे करतो, शिंकून दाखवतो. पेशंटला गोळी लागू पडो न पडो, खेळ पाहून तो खूश होऊन जातो.

साथीचा रोग तर माझा सगळ्यात आवडता खेळ. त्यात जंतू हे मुख्य पात्र. त्याला राहायला एक घर लागतं, म्हणजे आजारी माणूस. बाहेर पडायला दार लागतं: नाक, तोंड, पोट, डोळा. मग प्रवासाला गाडी लागते. कुणी पाण्यातून जातो, कुणी डासावर बसून, कुणी शिंकेच्या तुषारांतून, कुणी हाताच्या बोटांवरून. मग नव्या माणसात शिरायला दार लागतं, आणि आत गेल्यावर त्याला ओळखून हाकलणारं कुणी असायला नको. आत शिरला तरी तो लगेच तोंड दाखवत नाही. दिवस-दोन दिवस पडद्यामागे तयारी करतो. या सगळ्यातली एक कडी तोडली की खेळ बंद. हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितलंय, की माझी बायको आतून भाजी चिरता चिरता पुढचं वाक्य आधी म्हणते.

त्या पावसाळ्यात पोळ्याच्या तोंडावर डोळ्यांची साथ आली. रोज माझ्या ओसरीवर काळे चष्मे लावलेली मंडळी. एका गोष्टीचं मला नवल वाटत होतं. आधी पुरुष यायचे, मग त्यांच्या घरातल्या बायका, मग लेकरं. घरात टॉवेल एक, उशी एक, तेव्हा बायका-लेकरांपर्यंत तो कसा पोचला हे कळत होतं. पण या सगळ्या बाप्यांना, ज्यांची वावरं वेगळी, मोहल्ले वेगळे, भांडणंसुद्धा वेगळी, एकदम कुठून गाठलं? मी विचारायचो, "कुठं गेलता?" उत्तर एकच. "कुठीच नाही, बाप्पा. वावरात अन् घरी."

अशात एक दिवस सकाळीच वहिनी आल्या. वहिनी म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या शेतकरीण बाई. त्यांचा नवरा गावात शिलाई मशीन चालवतो, अतिशय भला माणूस, आणि शेती पूर्णपणे वहिनींच्या हातात. त्यांच्याकडे घरच्या गाईचे दोन गोऱ्हे वाढवून केलेली बैलजोडी आहे, पांढरीशुभ्र. नवरा त्या जोडीला इतका भितो, की गोठ्यासमोरून जाताना खोकतसुद्धा नाही.

वहिनींचे दोन्ही डोळे जास्वंदीसारखे लाल झाले होते.

"डॉक्टरसाहेब," त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाल्या. माझे डोळे वाचावेत म्हणून. "डोळ्याचं काय व्हाचं ते होऊ द्या. पण माहा पोळा गेला नाही पायजे."

त्या असं का म्हणत होत्या ते साऱ्या गावाला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. आमच्याकडे पोळ्याला सगळ्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहतात. सगळ्यात पुढे मानाची जोडी. ती चालल्याशिवाय कुणी हलत नाही. तो मान घराघरानं फिरतो. वहिनींच्या घरी तो त्या लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच आला होता. जोडी त्यांच्या हातची, कासरा त्यांच्याच हातात राहणार होता. आमच्या तोरणाखाली मानाच्या जोडीबरोबर आजवर बाई चालली नव्हती. त्यांनी वर्षभर त्या बैलांना सरकीची ढेप चारली होती, आणि नवऱ्यानं लपूनछपून माप घेऊन झुली शिवल्या होत्या. माप कसं घेतलं असेल ते तोच जाणे.

"अडचण काय आहे?" मी विचारलं. "तोवर लाली उतरंल. नाही उतरली तरी रुमाल आपला आपण वापरा, हात धुवा, कुणाले हात लावू नका. पोळा करा."

"तुमी म्हणता. अध्यक्ष नाही म्हणत."

पोळा समितीचे अध्यक्ष म्हणजे आमच्या गावातलं भारी प्रस्थ. ते वाईट नाहीत. पोळा बिघडू नये म्हणून रात्रंदिवस झुरतात, एवढंच. वहिनींच्या नवऱ्याला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांच्या ओट्यासमोर समितीची मंडळी जमली होती, आणि ते स्वतः नुकतेच डोळ्यांतून उठले होते.

"डॉक्टरसाहेब, तुमीच इचार करा," ते म्हणाले. "ते बाई पुढं राहीन. म्हंजे सारं गाव कुणाकडं पाहीन? तिच्याकडंच! एका झटक्यात साऱ्यायचे डोळे येतीन. हा पोळा हाय का डोळ्याचं शिबिर हाय?"

या तर्काला तर्क म्हणून मी मनातल्या मनात टाळी दिली.

"मंग जोडी कोण नेईन?"

"तिचा नवरा नेईन न."

नवरा शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा पाहून वाटलं, आता यालाच सलाईन लावावं लागणार.

इथं मी डॉक्टर म्हणून शांतपणे चार वाक्यं बोलायला हवी होती. बोललोही. पाहण्यानं काही होत नाही, डोळ्यातल्या पाण्यात जंतू असतो, तो बोटाला लागतो, बोटाचा टॉवेलला लागतो. मंडळींनी मान डोलावली, आभाळाकडे पाहत. मग माझ्यातला गॅदरिंगवाला उठला.

"ठीक आहे," मी ओट्यावर चढून म्हणालो. "उद्या सकाळी मारुतीच्या पारावर वहिनी इकडे बसतील, मी समोर बसीन. मी त्यांच्या डोळ्यात पाहीन. साऱ्या गावासमोर. वरच्या उन्हाची तिरीप पारावरून खाली उतरेपर्यंत. पोळ्याच्या दिवशी माझे डोळे लाल दिसले तर तुम्ही जिंकले. पांढरे राहिले तर कासरा वहिनींच्या हातात."

अध्यक्षांनी दोन क्षण माझ्याकडे नीट पाहिलं. "लागली शर्त," ते म्हणाले.

घरी आल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती पुसदची, आणि पुसदच्या माणसाला सहसा काही नवल वाटत नाही. "म्हणजे दुसऱ्याच्या बायकोच्या डोळ्यात डोळे घालून तुम्ही पारावर बसणार," ती म्हणाली. "सकाळच्या उन्हात. सगळ्यांसमोर. आणि याला म्हणायचं विज्ञान."

दुसऱ्या दिवशी पारावर ही गर्दी. मी अंगठ्या काढून, हात धुऊन, मांडीखाली घालून बसलो, म्हणजे चुकूनही चेहऱ्याकडे जायला नकोत. वहिनी हातभर अंतरावर, हातात स्वतःचा धुतलेला रुमाल. त्यांचा नवरा आमच्या दोघांवर छत्री धरून उभा. लोक मात्र तिघांकडे पाठ करून उभे होते आणि मान वळवून चोरून पाहत होते.

"सुरू!" अध्यक्ष ओरडले.

मी वहिनींच्या डोळ्यात पाहिलं. वहिनींनी माझ्या. पहिली काही मिनिटं गंभीर गेली. मग वहिनींच्या ओठाचा कोपरा हलला.

"हासू नका," मी म्हणालो.

"तुमी मिशी हालवून राह्यले."

"मी विज्ञान करून राह्यलो."

वरून छत्रीतून नवऱ्याचा आवाज आला. "डॉक्टरसाहेब, मी लगन झाल्यापासून इतका वेळ तिच्या डोळ्यात पाह्यलं नाही. हिंमतच नाही झाली."

पाठ केलेली सगळी गर्दी हसली आणि अर्धी वळलीच. वहिनींना हसून डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी ते आपल्या रुमालानं टिपलं, आणि मी लगेच प्रवेश साधून घेतला. "पाहा! आता जंतू कुठं आहे? रुमालात. हवेत नाही. त्याले पंख नाहीत, पाय नाहीत. आता हाच रुमाल मी घेतला अन् तोंड पुसलं, तर त्याले फुकटची गाडी भेटली."

"अन् बैलायचे डोळे आले त?" मागून कुणीतरी.

"हा जंतू माणसाचा शौकीन. बैलाच्या डोळ्यात त्याले करमत नाही. प्रत्येक जंतूचं आवडतं घर वेगळं असते."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत चाचा आले. चाचांचा पानठेला स्टँडवर आहे आणि गावातला अर्धा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, त्यांच्या हातचा घोटलेला असतो. मी त्या ठेल्यावर जात नाही. बायकोनं खर्रा सोडवला तेव्हा ठेल्यासमोरून जाण्याचा रस्तासुद्धा सोडवला. चाचांच्या डोळ्यांत माझ्याबद्दलची खरी काळजी होती. त्यांनी हात पुढे केला.

"डॉक्टरसाब, मानलं तुमले. लेकिन इतना तो लगाव."

हातात काळा, सोनेरी दांडीचा गॉगल होता.

"हा कुणाचा?"

"पब्लिकचा. बोरीच्या बाजारातून आणला मी, खास. ठेल्यावर खिळ्याले टांगला. ज्याचे डोळे आले त्यानं ठेल्यावर आल्याबराबर लावाचा, मंग बोलाचं, मंग परत टांगाचा. नाही आले त्यानं बी लावाचा, बचाव म्हणून. गाव की सेवा है, साब."

मी तो गॉगल हातात घेतला नाही. नुसता वाकून पाहिला. नाकावर टेकतो त्या जागी पिवळसर, सुकलेलं काहीतरी चिकटलं होतं. आणि मला सगळे पुरुष, सगळे मोहल्ले, सगळी वेगळी वावरं एकदम एका खिळ्याला टांगलेली दिसली. "कुठीच नाही, बाप्पा," म्हणत होते सगळे. ठेल्यावर जाणं म्हणजे कुठं जाणं असतं का?

पारावरून उठायचं नव्हतं, नाहीतर मी नाचलो असतो.

"मंडळी!" मी नजर परत वहिनींच्या डोळ्यांवर नेत ओरडलो. "ज्यायनं ज्यायनं हा गॉगल घातला, त्यायनं हात वर करा."

गावात सरकारी योजनेलाही इतके हात वर होत नाहीत.

"आता ज्यायनं घातला पण डोळे नाही आले, त्यायनं हात खाली घ्या."

दोन-तीन हात खाली आले. बाकीचे तसेच वर. वर हात केलेले लोक एकमेकांच्या हातांकडे पाहू लागले, आणि मग, त्या साथीत पहिल्यांदाच, एकमेकांच्या डोळ्यांकडे.

"तू कायले हात वर करून राह्यली?" अध्यक्ष वहिनींना म्हणाले. "तू थोडीच जातं ठेल्यावर?"

"मीबी घातलता," वहिनी म्हणाल्या. त्यांनी माझ्यावरची नजर काढली नाही. शर्त म्हणजे शर्त. "पोळ्याची मिटिंग ठेल्यासमोर झाली न? तवा तुमचे डोळे आलते. तुमीच म्हणलं, बाई, तुये चांगले हायेत, गॉगल लाव. तुमी तुमच्या नाकावरून काढला अन् मले देला. मी लावला. मंग आले माये डोळे."

अध्यक्षांनी हळूच मान वळवली आणि ते विजेच्या खांबाकडे पाहू लागले.

चाचांनी गॉगल साप धरावा तसा दोन बोटांत धरला. "या अल्ला," ते म्हणाले, "मैंने तो सेवा की थी."

"सेवाच केली, चाचा," मी म्हणालो. "फक्त जंतूची झाली."

मला वाटलं, आता अध्यक्ष कासरा वहिनींच्या हातात देऊनच टाकतील. पण हरलेला माणूस नियमाला जास्तच घट्ट धरतो. "बोलणं पटलं," ते घसा खाकरून म्हणाले. "पण शर्त ते शर्त. पोळ्याले तुमचे डोळे पाहू."

आणि तिथून माझे हाल सुरू झाले. वहिनींच्या नजरेपासून मला काहीच धोका नव्हता. धोका होता तो माझ्या चाहत्यांपासून. पारावरून उतरताच ज्यानं त्यानं माझा हात हातात घेतला. एका म्हाताऱ्या बुवांनी माया दाटून येऊन स्वतःच्या शेल्यानं माझा घाम पुसायला हात उचलला. मी असा मागे उडी मारून सटकलो की छत्रीवाला आडवा झाला. त्यानंतर मी लग्नातल्या नवरदेवासारखा दोन्ही हात जोडूनच हिंडलो. दर थोड्या वेळानं साबणानं हात, साबणानं तोंड. माझी बायको म्हणाली, कपड्यांनाही इतका साबण कधी मिळाला नाही.

पोळ्याच्या सकाळी आरशात पाहिलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला. डावा डोळा लाल.

"झालं," बायको दारातून म्हणाली. "लाल झालं विज्ञान."

मी पापणी ओढून पाहिली. चिकटा नव्हता, खुपत नव्हतं, पापण्या सकाळी चिकटल्या नव्हत्या. नुसती आग होत होती, तीही तोंड धुतल्यापासून. साबण गेला होता, दुसरं काही नव्हतं. पेशंट असता तर मी त्याला हसून घरी पाठवला असता. पण आरशात मी होतो, आणि वर्षभर ढेप खाल्लेली ती जोडी होती, आणि जंतू पडद्यामागे तयारी करतो हे माझंच वाक्य माझ्या कानात घुमत होतं. वहिनींनी इतकं करून कासरा नवऱ्याकडे द्यायचा, तो माझ्या एका डोळ्यामुळे? मी थंड पाण्यानं डोळा धुतला, दवाखान्याला आतून कडी घातली आणि खाटेवर डोळे मिटून पडलो.

पहिली हाक वहिनींच्या नवऱ्याची. "डॉक्टरसाहेब हायेत का?"

"आंघोळ करून राह्यले," बायको म्हणाली.

मग अध्यक्षांचा निरोप्या. आंघोळ. मग चाचा. आंघोळ. मग परत नवरा. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "वहिनीसाहेब, डॉक्टर विहिरीत आंघोळ करून राह्यले का? सकायपासून सुरूच हाय."

"आज पोळा आहे," माझी बायको गंभीरपणे म्हणाली. "बैलांची होते तशी यांचीही नीट आंघोळ करायची असते."

जेवणवेळेला मी आरसा हातात घेतला. डोळा पांढरा. शेजारच्या घरी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी ओरडलो, आणि बायकोनं पातेलं खाली ठेवून आधी माझे दोन्ही डोळे स्वतः तपासले. दुरून. माझं सगळं शिकवणं तिलाच लागू पडलंय.

तोरणाखाली जोड्या लागल्या होत्या. अध्यक्षांनी मोबाइलचा टॉर्च लावून हात लांब करून माझ्या डोळ्यावर धरला. मीही लपवलं नाही. सकाळचा किस्सा सांगून टाकला.

"साबणानं बी लाल होतेत?"

"साबणानं, धुरानं, कांद्यानं, जागरणानं. लाल डोळा दिसला म्हणून जंतूच असतो असं नाही."

अध्यक्षांनी टॉर्च बंद केला. मग वळून मोठ्यानं म्हणाले, "दह्यासारखे पांढरे हायेत! काय पाह्यता मंग? द्या तिले वाट!"

वहिनी नवं लुगडं नेसून, कमरेला आपला रुमाल खोचून आल्या. कासरा दुसऱ्या कुणाच्या हाताला लागणार नाही, कुंकू त्या स्वतःच लावतील, ओवाळणारीनं हातभर लांबून ओवाळायचं, हे सगळं आधी ठरलं होतं. डोळ्यांत अजून गुलाबी छटा होती. त्या जोडीपुढे उभ्या राहिल्या. गाव सवयीनं खाली मान घालून उभं होतं. ढोल वाजला आणि त्या चालायला लागल्या. बैल त्यांच्या खांद्यामागे मान झुलवत, झुलींवर नवऱ्यानं शिवलेले आरसे चमकत. आणि एकेक मान वर होत गेली. आधी बाया. मग पोरी. मग चाचा. शेवटी अध्यक्ष, ज्यांनी आपला काळा चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे भरून पाहिलं.

वहिनी माझ्यासमोर आल्या तेव्हा थांबल्या. "डॉक्टरसाहेब, पाहा न! त्या दिवशी त लय पाह्यत होते. आता काऊन खाली पाहून राह्यले?"

मी वर पाहिलं. मला सगळं धूसर दिसत होतं.

"अरे बाप्पा!" मागून कुणीतरी किंचाळलं. "डॉक्टरचे डोळे आले!"

अख्खी रांग माझ्यापासून दोन पावलं मागे सरली. मी हात उचलला, आणि हात धुतलेला नाही हे आठवून तसाच हवेत धरून उभा राहिलो.

"कोणी सरकू नका रे," अध्यक्ष खिशातून धुतलेला रुमाल काढून माझ्याकडे देत म्हणाले. "साबण गेला असंल त्यायच्या डोळ्यात."